खिडकीच्या आतल्या बाजूला: रोजगार आणि कल्याण सेवेत काम करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

हे प्रश्न कोणाचे, आणि उत्तरं कोण देतंय?

प्रश्न पुणे शहर आणि जिल्ह्यात नव्याने खिडकीवर बसलेल्यांचे आहेत. तहसीलच्या संजय गांधी शाखेतले (म्हणजे निराधारांच्या योजनांच्या टेबलावरचे) महसूल सहायक, रोजगार मार्गदर्शन केंद्रातले समुपदेशक, महापालिकेच्या समाज विकास विभागातल्या समूह संघटिका, अंगणवाडी सेविका, बांधकाम कामगारांच्या नोंदणीच्या टेबलावरचे कंत्राटी ऑपरेटर. उत्तरं या मंडळींच्या प्रशिक्षणात शिकवणाऱ्या एका माणसाची आहेत. कुठल्याही खात्याची ती अधिकृत भूमिका नाही. जिथे कायदा आहे तिथे कायदा सांगितला आहे, बाकी माझं मत.

व्यावसायिकता म्हणजे नम्रपणे बोलणं, एवढंच ना?

नम्रपणा हवाच, पण तेवढ्यावर भागत नाही. गोड बोलून चार खेपा घालायला लावणारा कर्मचारी असतो आणि तोंडाने फटकळ, पण पहिल्याच भेटीत सगळ्या त्रुटी एका कागदावर लिहून देणारा अव्वल कारकूनही असतो. दोघांतला दुसरा मला जास्त व्यावसायिक वाटतो. (पुण्यात हे उदाहरण पटवून द्यायला फार कष्ट पडत नाहीत.)

माझी कसोटी अशी: आज तुम्ही एका माणसाच्या अर्जाबाबत काय ठरवलंत आणि का, हे तुमच्या जागी उद्या बसणाऱ्या अनोळखी सहकाऱ्याला फाईल वाचून कळेल का? कळत असेल तर काम व्यावसायिक. शेरा नुसता ‘त्रुटी आहे, परत’ एवढाच असेल, तर बोलणं कितीही मधाळ असो, काम अर्धवट आहे.

नियम मंत्रालयातून येतात. माझ्यासारख्याच्या हातात असतं तरी काय?

हा प्रश्न दर तुकडीत येतो आणि बहुतेक वेळा त्यात थोडी सुटकेची भावना असते. ‘आम्ही फक्त अंमलबजावणी करतो.’

जीआर मुंबईत निघतो, पण तो लागू होतो तुमच्या टेबलावर. अमेरिकेतल्या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी १९८०च्या सुमारास हे नीट मांडलं. शिक्षक, पोलीस, कल्याण खात्यातले कारकून यांच्याकडे काम जास्त, वेळ कमी, आणि नियम एकमेकांना छेद देणारे. त्यातून ते रोज जे मार्ग काढतात, त्यांचीच बेरीज लोकांना सरकारी धोरण म्हणून भेटते.

समजा, एकाच सकाळी तीन विधवा बायका अर्ज घेऊन आल्या. तिघींच्याही आधारवरचं नाव आणि पतीच्या मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव किंचित वेगळं: कुठे ‘सुनिता’, कुठे ‘सुनीता’, कुठे माहेरचं नाव. पहिलीला सांगितलं, ‘नाव जुळत नाही, आधार दुरुस्त करून या.’ दुसरीला सांगितलं, ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं स्वयंघोषणापत्र द्या.’ तिसरीचा अर्ज रेशनकार्ड पाहून तसाच घेतला. नियम एकच होता आणि जीआरही एकच, पण पहिली बाई आधार केंद्राच्या रांगेत उभी राहिली, तिची रोजंदारी बुडाली आणि ती कदाचित परत आलीच नाही. हा निर्णय मंत्रालयाने घेतला नव्हता.

असे न दिसणारे निर्णय दिवसभर चालू असतात. कोणाला आधी बोलावलं, कोणाला खुर्ची दिली, कोणाला न विचारताच ‘तुम्हाला दुसरीही योजना लागू होते’ असं सांगितलं. नीटनेटके कपडे घातलेल्या, आपल्यासारखं बोलणाऱ्या माणसाला आपण जास्त माहिती देतो. मुद्दाम नाही, ते आपोआप होतं. म्हणून निर्णयाची मोकळीक नाकारू नका. ती आहे हे मान्य करा, सारख्या प्रकरणांत सारखी वापरा आणि कशी वापरलीत ते लिहून ठेवा. तीनही अर्जांना स्वयंघोषणापत्र चालत असेल, तर ते टेबलावरच्या काचेखाली सगळ्यांना दिसेल असं लावा.

डॉक्टर किंवा वकील यांच्यासारखा हा ‘पेशा’ आहे का?

कागदोपत्री अर्धामुर्धा. डॉक्टरला परिषदेची नोंदणी लागते, वकिलाला सनद लागते, आणि गैरवर्तन केलं तर ती जाऊ शकते. कल्याण सेवेतल्या खिडकीसाठी असं काही नाही. समाजकार्याचं शिक्षण आपल्याकडे जुनं आहे. मुंबईत आज ‘टिस’ म्हणून ओळखली जाणारी संस्था १९३६ची, पुण्यातली कर्वे समाज सेवा संस्था १९६३ची. २०२१च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या केंद्रीय कायद्याने वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातल्या समाजकार्यकर्त्यांना आपल्या अनुसूचीत घेतलं. पण संजय गांधी शाखेत बसायला समाजकार्याची पदवी लागत नाही. स्पर्धा परीक्षेतून महसूल सहायक म्हणून आलेला मुलगा आज गौण खनिजाच्या टेबलावर असतो, पुढच्या वर्षी निराधारांच्या.

त्याचा अर्थ त्याला हे काम येणार नाही असा नाही. बाणेर रस्त्यावरच्या ‘यशदा’ या सरकारी प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी प्रशिक्षणं होतात. पण मला विचाराल तर या पेशाची खरी शाळा शेजारचं टेबल असते. तिथे चांगला माणूस बसला असेल तर तुम्ही घडता, नाहीतर पहिल्या महिन्यातच ‘उद्या या’ म्हणायला शिकता.

‘नाही’ कसं म्हणायचं?

या पानावरचं सगळ्यात लांब उत्तर हेच आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

बहुतेक नवे कर्मचारी ‘नाही’ म्हणायला घाबरतात. मग ते तीनपैकी एक पळवाट धरतात. साहेब मीटिंगला गेलेत, एक कागद अजून आणा, किंवा पुढच्या आठवड्यात चौकशी करा. माणसाला नकार मिळत नाही आणि काम होत नाही. नकार मिळाला असता तर त्याला पुढे काहीतरी करता आलं असतं. असं अधांतरी ठेवलेल्या माणसाला अपीलही करता येत नाही, कारण अपील कशाविरुद्ध करायचं?

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नेमका याच जागी उपयोगी पडतो. अधिसूचित (म्हणजे या कायद्याखाली जाहीर केलेल्या) सेवेसाठी अर्ज आला की पोच द्यायची, तीही अर्जाच्या क्रमांकासह. ठरलेल्या मुदतीत सेवा द्यायची किंवा लेखी कारण देऊन नाकारायची. नाकारताना अपील किती दिवसांत करता येईल आणि प्रथम अपील अधिकारी कोण, त्यांचं नाव व पदनाम, हेही त्याच पत्रात लिहायचं. पहिल्या अपिलाला ३० दिवसांची मुदत असते. पुरेशा कारणाशिवाय सेवा दिली नाही तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला, म्हणजे ती सेवा द्यायची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला, ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. तुमच्या टेबलावरची सेवा अधिसूचित आहे की नाही, हे पहिल्याच आठवड्यात पाहून घ्या. कार्यालयाच्या दर्शनी भागात फलक असायला हवा. पुष्कळ ठिकाणी तो असतो आणि त्याच्यापुढे कपाट उभं असतं.

आता प्रत्यक्षात. समोर ६२ वर्षांच्या एक बाई आहेत, श्रावणबाळ योजनेसाठी आल्यात. योजनेची वयाची अट ६५ आहे. ‘बसत नाही तुमचं’ असं म्हणून पुढच्याला हाक मारणं सोपं. त्याऐवजी एवढंच विचारा: घरी कोण आहे, मालक आहेत का, अंगात काही आजारपण आहे का? बाई विधवा असतील तर संजय गांधी निराधार योजनेचा विचार होऊ शकतो, कारण तिथे ६५च्या आतल्यांनाच घेतात. दोन मिनिटं लागतात. नकार खरा राहतो, नियम मोडत नाही आणि बाई दुसऱ्या कागदासह घरी जातात.

कधीकधी दुसरं दारच नसतं. तेव्हा तसं स्पष्ट सांगा. खोटी आशा दाखवून ‘बघू या’ म्हणणं हा दयाळूपणा नाही. कासेवाडीतून किंवा भोरवरून आलेल्या माणसाचा त्यात एक दिवस जातो, आणि शिवाय भाडं.

पोच देण्यावर एवढा जोर का? पोच दिली की आम्हीच अडकतो.

त्यासाठीच. रोजगार हमीचं उदाहरण घ्या. ही योजना महाराष्ट्रातच जन्मली. वि. स. पागे यांनी ती मांडली, १९७२च्या दुष्काळात ती राज्यभर उभी राहिली आणि १९७७मध्ये तिचा कायदा झाला. पुढे २००५च्या केंद्रीय कायद्याने म्हटलं की काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम द्या, नाहीतर बेरोजगार भत्ता द्या. हे १५ दिवस मोजायचे तर मागणीची तारीख हवी, आणि तारीख असते पोचेवर. त्यामुळे अनेक ठिकाणी पोचच दिली जात नसे. तोंडी मागणी, तोंडी उत्तर. कायदा शाबूत राहिला आणि हक्क हवेत विरला. ज्या ग्रामरोजगार सेवकाने वहीत तारीख घातली, त्याने त्या दिवशी कुठल्याही भाषणापेक्षा जास्त काम केलं, असं मी मानतो.

समोरचा माणूस खोटं बोलतोय हे कळत असेल तर?

आधी हे बघा की खोटं बोलायला त्याला कोण लावतंय.

संजय गांधी निराधार योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे (दिव्यांगांसाठी ५०,०००). २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये, दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. पुण्यात एका घराची धुणीभांडी करणाऱ्या बाईचंही उत्पन्न यापेक्षा जास्त भरेल. मग दाखले कसे निघतात? निघतात, हे खिडकीच्या दोन्ही बाजूंना माहीत असतं. अर्जदार आकडा सांगतो, आपण तो लिहून घेतो, आणि दोघंही दुसरीकडे बघतो.

यातून दोन वाईट सवयी लागतात. एक, ‘सगळेच खोटारडे’ अशी धारणा, मग प्रत्येकाशी तसंच बोलणं. दुसरी, कोणाचा दाखला उकरायचा आणि कोणाचा नाही हे मर्जीवर ठरवणं. दुसरी जास्त घातक आहे, कारण त्यातूनच एजंटाचं दुकान चालतं.

माझा सल्ला रुक्ष आहे. सक्षम अधिकाऱ्याचा दाखला असेल तर तो ग्राह्य धरा, तपासणी तुमच्या कामाचा भाग असेल तर ती सगळ्यांची सारखी करा. अर्जदाराच्या हातातला मोबाईल किंवा कानातल्या रिंगा पाहून गरिबी मोजू नका. मर्यादा वास्तवाला धरून नाही असं वाटत असेल, तर ते आढावा बैठकीत बोला, टिपणीत लिहा: किती अर्ज या एका अटीवर अडतात, कोणत्या प्रकारचे. हे वर कळवणं तुमच्या कामाबाहेरचं नाही. समोरच्या बाईला नैतिकतेचं व्याख्यान देणं मात्र नक्कीच बाहेरचं आहे.

मी रोजगार केंद्रात समुपदेशक आहे. माझ्या हातात एकही नोकरी नाही. मग मी देतो काय?

प्रामाणिक प्रश्न आहे. पूर्वी ‘एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घालणं’ हा दहावीनंतरचा विधी होता. १९५९च्या कायद्याने सरकारी आस्थापनांना आणि २५ किंवा जास्त कामगारांच्या खासगी आस्थापनांना रिकाम्या जागा कळवायला लावल्या, पण भरती केंद्राच्या यादीतूनच करा असं बंधन घातलं नाही. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी भरतीतही केवळ केंद्राच्या यादीवर न थांबता जाहिरात द्यायला सांगितलं. तेव्हापासून ‘कॉल येईल’ या वाक्यातला जीव गेला. आता कार्यालयाच्या नावात कौशल्य, रोजगार, उद्योजकता आणि मार्गदर्शन एवढं सगळं आलंय, नोंदणी महास्वयम पोर्टलवर होते. खुर्चीवर मात्र तुम्हीच आहात.

तुम्ही देता ती गोष्ट म्हणजे खरं चित्र. पुण्यात याची फार गरज आहे. सदाशिव आणि नारायण पेठेतल्या अभ्यासिकांतून तुमच्याकडे येणारा मुलगा ३१ वर्षांचा असतो, पदवी होऊन नऊ वर्षं झालेली, घरून पैसे यायचे थांबलेले. राज्यसेवेची कमाल वयोमर्यादा खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. म्हणजे कायदा त्याला अजून सात किंवा बारा वर्षं बसू देतो. तुम्ही काय सांगणार? ‘प्रयत्न सोडू नकोस’ हे बोलायला फुकट असतं. ‘आता पुरे’ हे सांगण्याचा अधिकार तुम्हाला नाही. पण किती वेळा पूर्व परीक्षा निघाली, मुख्य परीक्षेत किती गुणांनी गेली, खर्च कोण करतंय, दिवसा चार तासांचं काम घेऊन अभ्यास जमेल का, हे प्रश्न त्याला कोणी शांतपणे विचारलेले नसतात. क्लासवाला विचारणार नाही, त्याचं दुकान आहे. घरचे विचारतात ते रागाने. तुमच्याकडे निवांत खुर्ची असेल आणि अर्धा तास असेल, तर एवढंच काम खूप आहे. आणि शेवटी त्याने अजून दोन वर्षं द्यायची ठरवली, तर तो त्याचा निर्णय. फाईलवर ‘समुपदेशन केले, उमेदवार ऐकत नाही’ असं लिहू नका. (असं मी वाचलं आहे.)

चाकण किंवा रांजणगावला पाठवताना पगार हातात किती येईल, कंत्राटदार कोण, पाळी कोणती, बस मिळते का, हे विचारून मग पाठवा. शिकाऊ उमेदवारी म्हणजे कायम नोकरी नाही, हे १९६१च्या कायद्यातच स्पष्ट आहे. ते मुलाला सुरुवातीलाच सांगा, वर्षाने त्याला कंपनीच्या गेटवर कळू देऊ नका.

मेळाव्यात ‘किती जणांना रोजगार दिला’ याचा आकडा मागतात. काय लिहू?

निवड झालेले, रुजू झालेले आणि तीन महिन्यांनी टिकलेले हे तीन वेगळे आकडे आहेत. वर पहिलाच जातो, कारण तो मोठा असतो आणि मंडप उतरायच्या आत तयार होतो. फॉर्ममध्ये एकच रकाना असेल तर त्यात जे मागितलंय ते लिहा, पण बाकीचे दोन आकडे तुमच्या वहीत ठेवा. त्यासाठी फोन करावे लागतात. कंटाळवाणं काम आहे. पुढच्या वेळी कोणत्या कंपनीला बोलवायचं नाही, हे मात्र त्या फोनांमुळेच कळतं.

‘पोर्टल घेत नाही’ हे उत्तर चालेल का?

सर्व्हर बंद आहे, दुपारी या: हे चालेल, खरं असेल तर. ‘पोर्टलने नाकारलं’ हे चालणार नाही. पोर्टल नाकारत नाही. कोणीतरी लिहिलेली अट जुळली नाही एवढाच त्याचा अर्थ. कोणती अट, हे शोधून सांगणं तुमचं काम. वृद्धांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, आधारला जोडलेला मोबाईल नंबर जावयाचा असतो, बँक खातं वेगळ्याच बँकेत आधारशी जोडलेलं असतं आणि पैसे तिथे जाऊन पडतात. यातलं काहीच अर्जदाराला पडद्यावर दिसत नाही. तुम्हाला दिसतं.

यंत्रावर सोपवून मोकळं होण्याचं टोक बघायचं असेल तर दोन परदेशी प्रकरणं आहेत. ऑस्ट्रेलियात भत्ता घेणाऱ्यांचं वार्षिक उत्पन्न पंधरवड्यांत सरासरीने वाटून, संगणकाने ‘तुम्ही जादा पैसे घेतलेत’ अशी वसुलीची पत्रं लाखोंना पाठवली. हिशेबाची ती पद्धतच बेकायदा निघाली आणि २०२३मध्ये चौकशी आयोगाने योजनेचे वाभाडे काढले. नेदरलँड्समध्ये पाळणाघराच्या अनुदानावरून हजारो पालकांना लबाड ठरवून पूर्ण रक्कम परत मागितली गेली. त्यात परदेशी वंशाचे लोक खूप होते. त्यावरून जानेवारी २०२१मध्ये सरकारने राजीनामा दिला. ऑस्ट्रेलियातली एक गोष्ट मी वर्गात आवर्जून सांगतो. आतल्या काही कर्मचाऱ्यांनी हे चुकतंय असं आधीच वर कळवलं होतं. वरच्यांनी ऐकलं नाही. पण त्यांनी कळवलं होतं हे चौकशीत समोर आलं, आणि ‘कोणालाच कल्पना नव्हती’ असं म्हणायची सोय राहिली नाही.

ओळखीचा माणूस आला, किंवा माननीयांची चिठ्ठी आली तर?

चिठ्ठी फाईलला लावा. जावक-आवक क्रमांक टाका. अर्ज त्याच्या रांगेत राहू द्या. लेखी शिफारस नोंदवून घेतली की पुढच्या चिठ्ठ्या आपोआप कमी होतात, हा अनेकांचा अनुभव आहे. नातेवाईकाचा अर्ज तुमच्याच टेबलावर आला तर वरिष्ठांना लेखी सांगा आणि तो दुसऱ्याकडे द्या. वर्तणूक नियम १९७९चे आहेत, एकदा वाचून काढा. पानं फार नाहीत.

चहापाणी?

नाही. पेढ्याचा पुडाही नाही, काम झाल्यावर ‘प्रेमाने’ दिलेला असला तरी. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ तुमच्या भिंतीवर असायला हवा.

मी मानधनावर आहे. माझ्याकडून व्यावसायिकतेची अपेक्षा करणं न्यायाचं आहे का?

पूर्ण न्यायाचं नाही, आणि हे प्रशिक्षकाने मान्य केल्याशिवाय पुढे बोलू नये.

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली. तेव्हापासून अंगणवाडी सेविका ‘मानसेवी’ आहेत, म्हणजे पगार नाही, मानधन. पोषण आहार, वजनं, लसीकरणाला मदत, गृहभेटी, सर्वेक्षणं, रजिस्टरं. नंतर ॲप आलं. २०२१मध्ये राज्यातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले, कारण ते चालतच नव्हते. २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असं सांगितलं. २०२४मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरून घ्यायचं काम आलं तेही त्यांच्याकडे, अर्जामागे ५० रुपये असं जाहीर करून. वस्तीतल्या बाईचा हप्ता आला नाही की ती मंत्र्याला शोधत नाही. सेविकाताईंचं दार ठोठावते, रात्री नऊलासुद्धा.

कंत्राटी ऑपरेटरची गत वेगळी नाही. ठेकेदार बदलला की तो नवा होतो, अनुभव मात्र जुनाच. त्याच्या सहीला किंमत नाही आणि चूक झाली तर पहिलं नाव त्याचं.

म्हणून इथे व्यावसायिकतेचा अर्थ मी असा लावतो: जे तुमच्या हातात आहे त्याची नोंद चोख ठेवा, आणि जे तुमचं काम नाही ते स्वतःच्या खिशातून करू नका. स्वतःच्या रिचार्जवर सरकारी ॲप चालवणं, झेरॉक्सचे पैसे आपण भरणं, हा त्याग दिसायला सुंदर असतो आणि त्यामुळे खात्याला तरतूद करावी लागत नाही. खर्च लिहून मागा. संघटनेत असणं आणि व्यावसायिक असणं यात विरोध नाही. उलट, या सेवांमध्ये जे काही सुधारलं त्यातलं पुष्कळसं मोर्चांमुळे सुधारलं. पुण्याला हे नवं नाही. हमाल पंचायत इथलीच, कचरावेचकांची पंचायतही १९९३मध्ये इथेच उभी राहिली.

लोक ओरडतात, शिव्या देतात. त्यांना ‘कलम’ दाखवू का?

पूर्वीचं ३५३, आता भारतीय न्याय संहितेचं १३२. हल्ला किंवा बळाचा वापर करून लोकसेवकाला कामापासून रोखणं यासाठी ते आहे. मोठ्या आवाजात प्रश्न विचारणं त्यात बसत नाही. काही कार्यालयांत सेवांच्या मुदतीचा फलक नसतो, पण या कलमाचा फलक लाल अक्षरांत असतो. आत येणाऱ्याला पहिली ओळख कशाची करून द्यायची, हे कार्यालयाने ठरवायचं.

चौथ्या खेपेला आलेला माणूस तुमच्यावर ओरडत नसतो, आधीच्या तीन खेपांवर ओरडत असतो. बसवा, पाणी द्या, मागच्या खेपांत काय सांगितलं गेलं ते विचारा. तरी हात उगारला किंवा बाईमाणसाला घाणेरडं बोलला, तर वरिष्ठांना बोलवा, तक्रार द्या. सहन करत बसणं हा तुमच्या कामाचा भाग नाही.

रांगेत सगळ्यांसमोर खासगी माहिती विचारावी लागते. उपाय?

संजय गांधी योजनेच्या रांगेत विधवा असतात, परित्यक्ता असतात, एचआयव्ही, कुष्ठरोग, कर्करोग असलेले असतात. ‘नवऱ्याने कधी टाकलं?’ हे काचेच्या भोकातून मोठ्याने विचारलं की मागच्या वीस जणांना कळतं, आणि त्यातले पाच तिच्याच वस्तीतले असतात. कारणाचा रकाना कागदावर आहे. तिला बोट ठेवून दाखवू द्या. एक खुर्ची टेबलाच्या बाजूला घ्या, समोर नको.

दुसरी गोष्ट व्हॉट्सॲप. ‘यादी टाका’ म्हटलं की आधारचे फोटो ग्रुपवर जातात आणि ग्रुपात कोण कोण आहे हे कोणालाच ठाऊक नसतं. वैयक्तिक विदेच्या (डेटाच्या) संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला, पण तो नसता तरी हे चूकच होतं.

रोज एवढी दुःखं ऐकून काही वाटेनासं झालंय.

हा दोष स्वभावाचा कमी आणि संख्येचा जास्त. जर्मनीत दीर्घकाळ बेरोजगार असलेल्यांच्या केंद्रांसाठी कायद्यातच प्रमाण घालून दिलं आहे: २५च्या आतल्या ७५ उमेदवारांमागे एक कर्मचारी, त्यावरच्या वयाच्या १५० जणांमागे एक. तिथेही ते नेहमी पाळलं जातं असं नाही, पण निदान मोजायला आकडा आहे. आपल्याकडे टेबलामागे किती प्रकरणं असावीत, हा प्रश्नच आढावा बैठकीत येत नाही. किती निकाली निघाली एवढंच विचारतात.

तोवर करता येण्यासारखं: आठवड्यातून अर्धा तास शेजारच्या टेबलाशी एकेक अवघड प्रकरण बोला. गप्पा नकोत, प्रकरणच. ज्या दिवशी एखाद्याचं रडणं ऐकून चीड आली, त्या दिवशी पुढचा अर्ज घेण्याआधी जागेवरून उठून या. आणि रजा घ्या. न घेतलेली रजा कोणी कौतुकाने मोजत नाही.

माझी बदली झाली. अर्धवट प्रकरणांचं काय?

बदल्यांच्या २००५च्या कायद्यानुसार साधारण कार्यकाळ तीन वर्षांचा. त्याच कायद्यात फाईल एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवू नये असंही आहे, पण लोकांना बदलीचा भागच पाठ असतो. चार्ज देताना कपाटांची आणि शिक्क्यांची यादी होते. प्रकरणांची क्वचितच. ती स्वतंत्र करा: अर्ज क्रमांक, कुठे अडलंय, अर्जदाराला शेवटचं काय सांगितलं, पुढची तारीख कोणती. ज्यांना तोंडी ‘सोमवारी या’ म्हटलंय त्यांची नावं सगळ्यात वर घाला आणि यादीची एक प्रत नायब तहसीलदारांकडे किंवा तुमच्या शाखाप्रमुखांकडे सहीनिशी द्या, कारण नवा माणूस रुजू व्हायला बहुतेक वेळा सोमवार उलटून जातो.